पलटणीतली माणसं, घरातली माणसं



आपल्या समाजाच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा, सुभेदार, जमादार, सरदार बहादूर अशा पदव्यांची रांग लागलेली दिसते. लंडन असो, टोरांटो असो, लोद असो की बेर्शेबा, आपल्या बऱ्याच घरांत गणवेशातला एक जुना फोटो जपून ठेवलेला असतो. त्या माणसाने कुठली मोहीम केली, कुठलं पदक मिळवलं, हे नातवंडांना तोंडपाठ असतं. पण तो मोहिमेवर असताना घरी चूल कोणी पेटती ठेवली, परत आल्यावर त्याचं पोरांशी कसं जमलं, पेन्शनीत भागत होतं का, हे विचारलं की घरात सगळे एकमेकांकडे पाहू लागतात.

आजचा लेख त्या दुसऱ्या बाजूचा आहे. लढाईवर गेलेल्या माणसाला नोकरी एका बाजूने ओढते आणि घर दुसऱ्या बाजूने. ही ओढाताण काही आजची नाही. आम्हाला तर असं वाटतं की आपला समाज कोकणातून मुंबईला आला, मुंबईतून हिंदुस्थानभर पसरला, मग पलटण सोडून कचेरीत गेला आणि शेवटी इथे परदेशात आला, या सगळ्या वाटचालीत या ओढाताणीचा वाटा मोठा आहे.

समाजी हसाजी दिवेकर

सुरुवात आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या नावापासून करू. सामुएल एझेकिएल दिवेकर, म्हणजेच समाजी हसाजी दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत देशी कमांडंट होते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून कुलाबा जिल्ह्यातली आपली माणसं तेलाचे घाणे सोडून मुंबईला येऊ लागली होती. कोणी सुतारकाम धरलं, कोणी बांधकाम, आणि पुष्कळांनी पलटण. कंपनीला धट्टीकट्टी माणसं हवी होती, आणि आपल्या लोकांना महिन्याच्या महिन्याला मिळणारी रोकड.

१७८० साली म्हैसूरकरांशी दुसरं युद्ध सुरू झालं. १७८३ च्या आरंभी जनरल मॅथ्यूजच्या फौजेने बेदनूर घेतलं. पण टिपू सुलतान चालून आला आणि त्याच वर्षी बेदनूर त्याच्या हाती पडलं. फौजेतली माणसं कैद झाली, त्यात दिवेकरही होते. पुढची कथा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. कैद्यांना त्यांची जात विचारली, यांनी ‘बेने इस्राएल’ असं सांगितलं, आणि टिपूच्या आईने मध्ये पडून सांगितलं की हे नाव कुराणात आहे, यांना मारू नये. परंपरा असं सांगते. मार्च १७८४ मध्ये मंगळूरचा तह झाला आणि कैद्यांच्या सुटकेची वाट मोकळी झाली.

आता हीच गोष्ट मुंबईच्या बाजूने पाहा. बेदनूर पडल्याची बातमी मुंबईला पोचली असेल तेव्हा ती फक्त ‘फौज कैद झाली’ एवढीच. कोण जिवंत, कोण मेला, याची यादी शिपायाच्या घरी कोण आणून देणार? तहापर्यंतचे महिने त्या घरांनी सुवासिनीचं कुंकू ठेवायचं की पुसायचं या विचारात काढले असतील. कैदेची कथा आपण रंगवून सांगतो, पण या महिन्यांची कथा कोणी सांगत नाही.

सुटून आल्यावर दिवेकरांनी काय केलं, यात मात्र आपल्याला घर दिसतं. त्यांनी नवस फेडला. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात त्यांनी आपल्या समाजाचं पहिलं प्रार्थनालय बांधलं, शाआर हाराहमिम, म्हणजे दयेचं द्वार. आपण त्याला जुनी मशीद म्हणतो. त्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट हे नाव त्यांच्यावरून मिळालं, आणि मशीद बंदर स्टेशनचं नावही याच मशिदीवरून पडलं असं म्हणतात. त्याआधी आपल्या समाजाला मशीद नव्हतीच. प्रार्थना घरात व्हायची, सुंता घरात, लग्न घराच्या मांडवात. फौजेत कमावलेला पैसा या माणसाने सगळ्यांच्या बायकापोरांना एकत्र बसता येईल अशा छपराखाली घातला. तोराची गुंडाळी आणायला ते कोचीनला गेले आणि १७९७ साली तिथेच वारले. म्हणजे कैदेतून सुटलेला माणूस पुन्हा घर सोडून निघाला, आणि या खेपेला परतला नाही. त्याच्या भक्तीबद्दल आदर ठेवूनच आम्ही हेही म्हणतो की त्या घराने त्याला दोनदा दिलं, एकदा कंपनीला आणि एकदा समाजाला.

सात रुपये महिना

एकोणिसाव्या शतकातल्या शिपायाचा पगार महिना सात रुपये होता. तो १८९५ पर्यंत तेवढाच राहिला, मग नऊ झाला. त्या सातांतच त्याचं खाणं आणि कपड्यालत्त्याचा काही भाग भागवायचा. हवालदार, जमादार, सुभेदार अशी पायरी चढली तर बरं चालायचं, म्हणून बढती ही मानाची गोष्ट होती तशीच पोटाचीही होती. १८३७ पासून ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा सन्मान देशी अधिकाऱ्यांना मिळू लागला. पहिल्या वर्गाला सरदार बहादूर म्हणत, दुसऱ्याला बहादूर. त्या बिल्ल्याबरोबर जादा भत्ताही मिळे. घरातल्या बाईला त्या पदवीपेक्षा भत्त्याचं मोल जास्त वाटलं असेल, आणि त्यात काही गैर नाही.

मुंबईच्या फौजेची एक गोष्ट बंगालच्या फौजेपेक्षा वेगळी होती. बंगालचा शिपाई बहुधा बायकोमुलं गावी ठेवून यायचा. मुंबईच्या पलटणींत कुटुंबं बरोबर असत. शिपाई लाइनीत झोपडी घालून राहत, आणि पलटण हलली की संसारही हलायचा. अहमदाबाद, डीसा, बडोदे, बेळगाव, सातारा, महू, नसीराबाद, सिंध जिंकल्यावर कराची, आणि समुद्रापलीकडे एडन. पोरांचे जन्म निरनिराळ्या छावण्यांत व्हायचे. आजही आपल्यापैकी कुणाची पणजी कराचीची, कुणाचा पणजोबा महूचा निघतो, तो याच फिरतीमुळे.

आता यात धर्म कसा सांभाळायचा? कोकणात शेजारी आपल्याला शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी आपण घाणा फिरवत नसू. आपली सगळी ओळख त्या एका दिवसावर उभी होती. आणि अशा समाजाच्या पुरुषांनी नोकरी धरली ती नेमकी जिच्यात शनिवार नव्हता. कवायत, पहारा, कूच, लढाई, यातलं काहीच शब्बाथसाठी थांबत नाही. म्हणून शनिवार पाळायचं काम घरावर आलं. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा, तेलाचा दिवा लावायचा, दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची नाही, हे सगळं त्या लाइनीतल्या बायकांनी केलं. पुरुष पहाऱ्यावरून येऊन जे अन्न खायचा ते आदल्या दिवशी शिजलेलं असायचं. म्हणजे त्याच्या वतीनेही शनिवार तिनेच पाळलेला असायचा. आम्हाला वाटतं, पलटणीच्या शंभरेक वर्षांत आपण बेने इस्राएल राहिलो याचं श्रेय या दिव्याला द्यायला हवं.

एका पलटणीत आपली दहा माणसं असली की मिन्यान जमायचं. पाच-सात घरं असली की सण व्हायचे: नव्याचा सण, दरफळणीचा सण, खिरीचा सण. आणि पुरुष मोहिमेवरून सुखरूप परतला की मलिदा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं नाव. आज आपण मलिदा लग्नाला करतो, नव्या घराला करतो, पोराच्या परीक्षेला करतो. पण ज्या घराने एडनहून किंवा अफगाणिस्तानातून येणाऱ्या माणसाची वर्षभर वाट पाहिली, त्या घरी त्या ताटाचा अर्थ केवढा असेल, हे क्षणभर मनात आणून पाहा.

मोहिमाही काही थोड्या नव्हत्या. १८४३ ची सिंधची, १८५६-५७ ची इराणची, १८६७-६८ ची हबसाणाची, १८७८ ते १८८० ची अफगाणिस्तानची, या सगळ्यांत मुंबईच्या पलटणी होत्या. २७ जुलै १८८० ला कंदाहारजवळ मैवंद इथे मुंबईच्या पलटणींची फार मोठी हानी झाली. समुद्रापार किंवा सरहद्दीवर जाताना कुटुंबं मागे राहत. मग पगारातला भाग घरी पाठवायचा, पत्र लिहून घ्यायचं, कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. आपल्या समाजात अक्षरओळख लवकर पसरली याला मिशनरी शाळा कारण झाल्या हे खरंच आहे, पण पत्र स्वतः वाचता यावं ही घरची निकडही काही कमी नव्हती.

पेन्शनीवर आल्यावर

लढाईहून आलेल्या माणसाला आज काय होतं याला नावं आहेत, डॉक्टर आहेत. त्या काळी ‘लढाईचा माणूस आहे, जरा तापट आहे’ एवढ्यावर भागायचं. झोपेत ओरडणं, दारूकडे वळणं, पोरांशी कवायतीच्या आवाजात बोलणं, हे घरच्यांनी पोटात घालायचं. साध्या शिपायाला महिना चार रुपये पेन्शन, म्हणजे पगाराच्या निम्म्याहून थोडी जास्त. सुभेदाराचं त्यापेक्षा पुष्कळ बरं.

पण याच पेन्शनर मंडळींनी आपल्या समाजाची घडी बसवली, हेही सांगायला हवं. हुकूम पाळायची आणि हुकूम द्यायची सवय झालेला माणूस घरी बसून काय करणार? मुंबई, पुणे, पनवेल, अलिबाग अशा ठिकाणी पेन्शनर सुभेदार मशिदीच्या कारभारात आले. मुकादम, चौघुले, गबई, हझान, समाश अशी आपली कारभाराची रचना होतीच. त्यात या लोकांनी हिशेबाची वही, सभेची शिस्त, वेळेचं भान आणलं. आणि तंटेही आणले, कारण दोन निवृत्त सुभेदार एका मशिदीत म्हणजे काय, हे वाचकांना निराळं सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मशिदी कशा उभ्या राहिल्या पाहा: रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९. ज्या गावांतून माणसं बाहेर पडली त्याच गावांत पैसा परत आला. पलटणीत, रेल्वेत, कंत्राटांत बाहेर राहिलेल्या माणसाला आपलं गाव हवं होतं, आणि त्या गावात म्हातारपणी बसायला जागा हवी होती.

पलटण का सुटली?

मग एवढी पलटणीची परंपरा असलेला समाज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फौजेत जवळजवळ दिसेनासा कसा झाला?

एक कारण सरकारचं. १८५७ नंतर इंग्रजांनी फौजेची रचना हळूहळू जातवार केली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ सरसेनापती होता. अमुक जाती लढवय्या आणि अमुक नाहीत, हे मत त्याच्या काळात धोरण झालं. पलटणींत एकेका जातीच्या वेगळ्या कंपन्या पाडल्या गेल्या. आपला समाज एवढा लहान की आपली स्वतंत्र कंपनी होणं शक्यच नव्हतं. १८९५ मध्ये मुंबई, मद्रास, बंगाल या तिन्ही इलाख्यांच्या वेगळ्या फौजा मोडून एकच फौज झाली, आणि ज्या मुंबईच्या फौजेत जात न विचारता आपल्याला वर चढता आलं होतं ती नावालाही उरली नाही.

दुसरं कारण घरातलं. त्याच्याविषयी आपण कमी बोलतो. १८७५ साली हाईम सामुएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. पलटणीतल्या बापाची बदली झाली की पोराचं नाव शाळेतून काढावं लागायचं. कारकुनाचं, रेल्वेतल्या माणसाचं, सर्वेक्षण खात्यातल्या माणसाचं पोर मात्र दरवर्षी त्याच शाळेत पुढच्या वर्गात बसायचं. सरकारी कचेरीत शिकलेल्या माणसाला शिपायाहून जास्त पगार होता, पेन्शन होती, आणि रात्री तो घरी असायचा. कित्येकांनी मधली वाट धरली, ती लष्करी इस्पितळातल्या हॉस्पिटल असिस्टंटची. गणवेश होता, फिरती होती, पण हाती कसब होतं, आणि पेन्शनीनंतर गावात दवाखाना टाकता येत होता.

काही जुनी मंडळी याला ऱ्हास म्हणतात. तलवार सोडून लेखणी धरली, असं हळहळून सांगतात. आम्ही याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. ज्या बायकांनी तीन पिढ्या लाइनीत संसार मांडले आणि मोडले, त्यांनी चौथ्या पिढीला कचेरीत पाठवलं. त्यांच्याच नाती पुढे शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, डॉक्टर झाल्या. केहिमकरांनी आपल्या इतिहासात देशी अधिकाऱ्यांची नावं मेहनतीने गोळा केली. १८९७ मध्ये लिहिलेलं ते पुस्तक १९३७ मध्ये तेल अविवला छापलं गेलं. ते पुस्तक नसतं तर त्यातली कित्येक नावं आपण हरवून बसलो असतो. पण यादी नोकरीची आहे. घराची यादी करायचं काम आपल्यासाठी उरलेलं आहे.

अ‍ॅडमिरल सॅमसन

स्वातंत्र्यानंतर जातवार भरतीचा अडसर अधिकाऱ्यांच्या बाबतीत उरला नाही, आणि आपल्यातलीही काही माणसं वर पोचली. बेंजामिन अब्राहम सॅमसन हे त्यांतलं मोठं नाव. नौदलात ते व्हाइस अ‍ॅडमिरल पदापर्यंत चढले. १९५९ ते १९६२ या काळात ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख होते.

त्यांची मुलगी म्हणजे भरतनाट्यम नर्तिका लीला सॅमसन. १९५१ चा जन्म, आणि नऊ वर्षांची असताना ती मद्रासला कलाक्षेत्रात शिकायला गेली. म्हणजे बाप खडकवासल्याला इतरांच्या घरांतून आलेल्या शेकडो मुलांना वाढवत होता तेव्हा स्वतःची मुलगी दूरच्या वसतिगृहात वाढत होती. बदल्यांच्या नोकरीत पालकांपुढे हाच पेच असतो: मुलांना बरोबर फिरवायचं की एका जागी रुजू द्यायचं. इथे रुजू दिलेलं रोप पुढे केवढं झालं ते जगाने पाहिलं. तीच मुलगी पुढे कलाक्षेत्राची संचालक झाली. पण नऊ वर्षांचं मूल दूर ठेवणं हा निर्णय कुठल्याच घरी सहज होत नाही.

१९६५ च्या युद्धात सॅमसन भारतीय आरमाराच्या ताफ्याचे प्रमुख होते. ताफ्याचं निशाण ‘म्हैसूर’ या क्रूझरवर होतं, आणि ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी गोदीत होती. लढाई पेटली तेव्हा ताफा बंगालच्या उपसागरातून मुंबईकडे यायला निघाला. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. पण आपल्या नौदलाला सरकारचा हुकूम होता की पोरबंदरच्या रेषेच्या उत्तरेला जायचं नाही. आयुष्यभर ज्या दिवसाची तयारी केली तो दिवस आला, आणि हात बांधलेले. लढाईत जखमी होणं जसं असतं तसंच लढाईत थांबवलं जाणं हेही सैनिकाला घेऊन जगावं लागतं. यालाही पदक नाही.

नौदलानंतर त्यांनी माझगाव डॉकचा कारभार पाहिला. तिथेच देशात बांधलेली पहिली मोठी लढाऊ नौका ‘नीलगिरी’ १९६८ मध्ये पाण्यात उतरली आणि १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. माझगाव, भायखळा, आग्रीपाडा हा तर आपल्या लोकांच्या वस्तीचाच मुंबईचा भाग. दिवेकरांनी फौजेनंतर मशीद बांधली, सॅमसन यांनी जहाजं बांधवली. दोघांच्याही आयुष्यात गणवेश उतरल्यावर हाताला काम होतं. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे पुढे पुन्हा येतो.

(लेफ्टनंट जनरल जेकब यांचं नाव इथे का नाही, असं कोणी विचारील. १९७१ च्या ढाक्याच्या शरणागतीतला त्यांचा वाटा सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते कलकत्त्याच्या बगदादी समाजातले, आणि त्यांनी लग्न केलं नाही. घर आणि पलटण यांत त्यांनी एकच निवडलं.)

दरफळणीच्या दिवशी दारावर थाप

१९४८ नंतर आपली माणसं इस्राएलला येऊ लागली. त्यांत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्यात नोकरी केलेलेही होते. इथे त्यांच्या हुद्द्याला मोल नव्हतं, हिब्रू येत नव्हतं, राहायला तंबू आणि पत्र्याच्या वसाहती. दिमोना, बेर्शेबा, अश्दोद, रामले, लोद इथे त्यांनी कारखान्यांत, बांधकामावर, विमानाच्या कामशाळांत पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. ज्याने कधी माणसं हाताखाली वागवली होती त्याला पंचविशीतल्या मुकादमाचं ऐकावं लागलं. घरी येऊन तो गप्प बसायचा. आपल्या वडिलांच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ पुष्कळ वाचकांना आता, स्वतः परदेशात नोकरी करताना, कळला असेल.

त्यात १९६२ मध्ये मुख्य रब्बीमंडळाच्या सूचना आल्या, आणि लग्नाच्या वेळी आपल्या लोकांची वंशावळ तपासायची असं ठरलं. मुलगा सैन्यात चालतो, पण त्याचं लग्न चालत नाही, असा तो हिशेब होता. समाज रस्त्यावर उतरला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असं स्पष्ट केलं. सैनिकाच्या घराचा प्रश्न उघड्यावर येऊन लढवला गेला, असा आपल्या इतिहासातला हा प्रसंग आहे.

मग ६ ऑक्टोबर १९७३. किप्पूरचा दिवस. आपण त्याला दरफळणीचा सण म्हणतो, कारण कोकणात त्या दिवशी दारं लावून घरात उपास धरायचा, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. त्या दुपारी भोंगे वाजले, एरवी त्या दिवशी मुका असणारा रेडिओ बोलू लागला, आणि राखीव सैनिकांना सिनेगॉगमधून बोलावून नेलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दिवशी दार लावून घेतलं त्याच दिवशी दारावर थाप पडली. ज्या घरांनी तो दिवस पाहिला त्यांच्यासाठी त्या सणाचा अर्थ कायमचा बदलला.

आणि आता २०२३. ७ ऑक्टोबरनंतर तीन लाखांहून जास्त राखीव सैनिकांना बोलावलं गेलं. ‘त्साव शमोने’ आणि ‘मिलुइम’ हे शब्द आपल्या मराठीत कधीच येऊन बसले आहेत. नोकरी, घराचा हप्ता, दोन लहान मुलं असलेला तिशी-पस्तिशीचा माणूस पुन्हा पुन्हा जातो, येतो, पुन्हा जातो. मिलुइमवर गेल्यामुळे नोकरीवरून काढायला कायद्याने बंदी आहे, आणि बुडालेल्या पगाराची भरपाई बितुआख लेउमी करते. सात रुपयांच्या काळापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण बढती मात्र जो कचेरीत हजर असतो त्याच्याकडे सरकते, आणि छोटा धंदा असलेल्याचं गिऱ्हाईक थांबत नाही. घरी असलेल्या बायकोच्या नोकरीचं काय, हे तर कोणी विचारतच नाही. डीश्याच्या लाइनीतली बाई आणि लोदच्या तिसऱ्या मजल्यावरची बाई, दोघींचा शुक्रवार सारखाच: सूर्य मावळायच्या आत सगळं उरकायचं, दिवा लावायचा, आणि दाराकडे कान.

आपण काय करायचं

हे सगळं वाचून ‘आपले लोक शूर होते’ एवढंच म्हणून थांबू नये, अशी आमची विनंती आहे. या इतिहासातून तीन गोष्टी आम्हाला दिसतात.

पहिली, परत आलेल्या सैनिकाला काम लागतं. नुसता आराम किंवा नुसता सन्मान पुरत नाही. आपल्या पेन्शनर सुभेदारांना मशिदीचा कारभार मिळाला म्हणून ते उभे राहिले. आज जो मुलगा मिलुइमवरून आला आहे त्याला समाजातलं एखादं खरं काम सोपवा, मग ते मुलांना क्रिकेट शिकवण्याचं असो की हिशेब पाहण्याचं.

दुसरी, ‘जरा तापट आहे’ म्हणून सोडून देण्याचे दिवस गेले. रात्रीची झोप उडालेली, गर्दीत घाबरणारा, घरात गप्प झालेला माणूस कमकुवत नसतो. इस्राएलमध्ये २०२१ पासून ‘नेफेश अखत’ या नावाने जखमी आणि मानसिक आघात झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाची व्यवस्था सुधारायला घेतली आहे. मदत मागायला आईने, बायकोने बरोबर जावं. यात लाज कसली?

तिसरी, घराची यादी करा. तुमच्या कपाटात डिस्चार्जचा कागद असेल, पेन्शनबुक असेल, पलटणीतून आलेलं मोडी किंवा बाळबोध पत्र असेल. त्यांचे फोटो काढून ठेवा. पण त्याहून आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईपाशी बसा आणि विचारा: आजोबा नव्हते तेव्हा घर कोण चालवत होतं? पैसे कुठून येत? मलिदा कधी केला होता? पत्र कोण वाचून दाखवायचं? ती मराठीत सांगेल, मराठीतच लिहून घ्या. तिचं पूर्ण नाव, माहेरचं आडनाव आणि गाव आधी लिहा, मग बाकीचं. केहिमकरांच्या यादीत सुभेदारांची नावं आहेत. त्या नावांशेजारी ही नावं बसली की यादी पुरी होईल.